गिगाहर्ट्झ वाढले, काम तिथंच

२० नोव्हेंबर २००० रोजी इंटेलनं पेंटियम फोर बाजारात आणला. वेग दोन होते, १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झ. हजारांच्या घाऊक खरेदीत एकाचा भाव ६४४ डॉलर, दुसऱ्याचा ८१९. एक गिगाहर्ट्झचा टप्पा त्याच वर्षी मार्चमध्ये गाठला गेला होता. आधी एएमडीनं तो गाठला आणि दोनच दिवसांनी इंटेलनं. त्यामुळे आकडा दीडपट झाला म्हणजे कामही दीडपट वेगानं होणार, असं सगळे धरून चालले होते. चाचण्या छापून आल्या तेव्हा वेगळंच दिसलं. ऑफिसच्या रोजच्या सॉफ्टवेअरमध्ये दीड गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर एक गिगाहर्ट्झच्या पेंटियम थ्रीच्या आसपास घुटमळत होता, काही कामांत त्याच्याही मागे पडत होता. एएमडीचा १.२ गिगाहर्ट्झचा ॲथलॉन तर बऱ्याच कामांत त्याच्या पुढे होता.

पुण्याच्या पेठांमधल्या छापखान्यांना आणि डीटीपी करणाऱ्यांना मी संगणक जोडून देते. नव्वदच्या दशकात या व्यवसायात आले आणि आजही तेच करते. नवा प्रोसेसर आल्याची बातमी आली की फोन सुरू होतात, ‘ताई, आता बदलायचा का?’ या प्रश्नामागे चार दशकांचा इतिहास आहे. तो माहीत नसेल तर माणूस आकड्याला भुलतो किंवा एकदा निराश झाल्यावर गरज असतानाही बदलायला घाबरतो.

सुरुवातीच्या काळात मात्र बदलणं नेहमीच फायद्याचं होतं. ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्यातला ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. १९८५मध्ये ३८६ आला, १९८९मध्ये ४८६. दशांश चिन्हांची गणितं करणारी वेगळी चिप ४८६च्या पोटातच गेली, सोबत आठ किलोबाइटची कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली जलद मेमरी, आली आणि तेवढ्याच मेगाहर्ट्झमध्ये ३८६च्या जवळपास दुप्पट काम होऊ लागलं. दर पिढीत असं होण्यामागे कारण होतं. चिपवरच्या ट्रान्झिस्टरची संख्या ठरावीक काळानं दुप्पट होते, हे गॉर्डन मूर यांनी १९६५मध्ये मांडलं आणि १९७५मध्ये तो काळ दोन वर्षांचा असल्याचं सुधारून सांगितलं. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४मध्ये याचा दुसरा अर्धा भाग दाखवून दिला. ट्रान्झिस्टर लहान केला आणि त्याच प्रमाणात व्होल्टेज उतरवलं, तर तो जास्त वेगानं चालतो आणि तेवढ्याच जागेत उष्णता वाढत नाही. म्हणजे ट्रान्झिस्टर लहान होत गेले की वेग आपोआप मिळत होता. दर तीन वर्षांनी मशीन बदलायची ऑफिसांची प्रथा याच काळात पडली आणि तेव्हा ती चुकीचीही नव्हती.

तरीही त्या काळात एक गोष्ट दिसू लागली होती. नव्या रचनेचा पहिला प्रोसेसर बहुतेक वेळा कच्चा निघायचा. मार्च १९९३मध्ये ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा पेंटियम आला. पाच व्होल्टवर चालणारा तो प्रोसेसर चांगलाच तापायचा. वर्षभरात ३.३ व्होल्टवर चालणारे ९० आणि १०० मेगाहर्ट्झचे पेंटियम आले, पण त्यांचं सॉकेट वेगळं होतं. पहिला पेंटियम घेतलेल्यांच्या मदरबोर्डवर ते बसत नव्हते. नोव्हेंबर १९९५मधला पेंटियम प्रो ही अतिशय विचारपूर्वक केलेली रचना होती, पण ती ३२ बिटांच्या सॉफ्टवेअरसाठी होती. नुकत्याच आलेल्या विंडोज ९५मध्ये १६ बिटांचा बराच जुना भाग शिल्लक होता. तिथं हा महाग प्रोसेसर साध्या पेंटियमसमोर अडखळायचा. एप्रिल १९९८मध्ये स्वस्तातला सेलेरॉन आला, तो दुसऱ्या पातळीच्या कॅशशिवाय, आणि टीकेला पात्र ठरला. चारच महिन्यांनी ३००ए हा सेलेरॉन आला. त्यात १२८ किलोबाइट कॅश थेट चिपवर, प्रोसेसरच्याच वेगानं चालणारी होती. हौशी मंडळी तो ४५० मेगाहर्ट्झवर चालवत. ज्या नावानं एप्रिलमध्ये निराशा केली होती, तेच नाव ऑगस्टमध्ये सगळ्यात किफायतशीर खरेदीचं झालं.

आमच्याकडे या बातम्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यायच्या. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. रेडिओच्या सुट्या भागांसाठी नावाजलेला हा रस्ता पुढे मदरबोर्डांचा आणि रॅमचा झाला. सकाळच्या डेक्कन क्वीननं दादर गाठायचं, तिथून पश्चिम रेल्वेनं ग्रँट रोड, आणि दुपारपर्यंत दुकानं पालथी घालायची. प्रोसेसर दोन तऱ्हांनी मिळायचा. बॉक्समधला, म्हणजे पंखा आणि कंपनीची पूर्ण वॉरंटी असलेला, किंवा ट्रेमधला, म्हणजे नुसती चिप, ज्याची वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. भाव डॉलरबरोबर बदलायचा, म्हणून कोटेशनवर ‘आजचा भाव’ असं लिहिलेलं असे. १९९७मध्ये भारत आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला, संगणकाच्या भागांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्यानं उतरत गेलं आणि जोडलेला, म्हणजे असेंबल्ड संगणक छोट्या छापखान्याच्याही आवाक्यात आला.

छापखान्यांना तो हवाच होता. खिळे जुळवणारे कंपोझिटर जाऊन तिथं पेजमेकर आलं होतं. मराठी अक्षरांसाठी पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम असायचं. दिवाळी अंकांच्या हंगामात रात्र रात्र मशीन चालू असे. अशा ठिकाणी प्रोसेसर कधी बदलायचा याचा निर्णय जाहिरातीवरून घेऊन चालत नाही. तिथं अडलेल्या एका तासाची किंमत सगळ्यांना कळते.

मी एक पद्धत ठेवली होती. ऑपरेटरच्या शेजारी बसायचं आणि त्याचा हात कुठे थांबतो ते पाहायचं. पान उघडताना, स्कॅन केलेलं चित्र फिरवताना की प्रिंटला पाठवताना? हात थांबला की नजर कॅबिनेटवरच्या हार्डडिस्कच्या दिव्याकडे. दिवा सतत लुकलुकत असेल तर रॅम कमी पडते आहे, विंडोज डिस्कवर सामान हलवत बसलं आहे. तिथं कितीही महागाचा प्रोसेसर घातला तरी उपयोग नाही. दिवा विझलेला आणि तरीही माणूस ताटकळलेला, तर अडथळा बहुतेक प्रोसेसरचा. शनिवार, नारायण, सदाशिव पेठेतल्या बहुतेक छापखान्यांत मला तो दिवा लुकलुकतानाच दिसला.

पेंटियम फोर आला तेव्हा एका छापखान्याचे मालक, वयानं मोठे, आम्ही त्यांना काका म्हणायचो, वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले. “ताई, दीड गिगाहर्ट्झ! आपला तर सहाशेचा आहे. दिवाळी अंक लवकर निघेल ना?” त्यांचा हिशेब सरळ होता आणि जाहिरातीनं त्यांना तोच शिकवला होता. मला त्यांना समजावून सांगायचं होतं की हा आकडा वाढवला कसा.

पेंटियम थ्रीमध्ये एक सूचना पूर्ण व्हायला साधारण दहा टप्पे लागत. पेंटियम फोरमध्ये इंटेलनं ते वीस केले. पुस्तकबांधणीत फर्म्यांची घडी, जुळवणी, शिलाई, पुठ्ठा, कटिंग अशी माणसं ओळीनं बसलेली असतात. प्रत्येकाचं काम आणखी बारीक वाटून माणसं दुप्पट केली की प्रत्येक हात भरभर चालतो. पण वरून चुकीचा फर्मा आला आणि तो शेवटच्या माणसाकडे कळला, तर मधल्या सगळ्यांचं काम फुकट. ओळ जितकी लांब, तितकं नुकसान मोठं. प्रोसेसरचंही असंच असतं. पुढे कोणती सूचना लागेल याचा तो अंदाज बांधतो आणि काम आधीच सुरू करतो. अंदाज चुकला की रांगेतलं सगळं टाकून देऊन पहिल्यापासून सुरुवात. वीस टप्प्यांच्या प्रोसेसरला ही चूक दहा टप्प्यांच्या प्रोसेसरपेक्षा कितीतरी महागात पडते. गिगाहर्ट्झ म्हणजे फक्त हात किती भरभर चालतात ते. दिवसाअखेर किती पुस्तकं बांधून झाली, हे त्यातून कळत नाही.

शिवाय भोवतालचा खर्च होता. या प्रोसेसरला रॅम्बस जातीची मेमरी लागायची. ती महाग, जोडीनंच लावावी लागायची, आणि मोकळ्या स्लॉटमध्येही मेमरी नसलेली एक पट्टी बसवावी लागायची, नाहीतर मशीन चालत नसे. प्रोसेसरला वेगळी वीजजोडणी लागायची, म्हणजे नवा एसएमपीएस. हीटसिंक इतकं जड की ते कॅबिनेटच्या पत्र्याला आवळायचं, म्हणजे कॅबिनेटही नवं. जुन्या मशीनमधून पुढे न्यायला हार्डडिस्क, फ्लॉपी ड्राइव्ह आणि मॉनिटर एवढंच उरत होतं. त्यात सॉकेट ४२३. ते वर्षभरही टिकलं नाही. ऑगस्ट २००१मध्ये त्याची जागा ४७८नं घेतली आणि पुढचे वाढीव प्रोसेसर त्या नव्या सॉकेटसाठी आले.

मी काकांना म्हटलं, “सध्या रॅम वाढवू या. प्रोसेसर पुढच्या दिवाळीनंतर बघू.” त्यांना ते फारसं पटलं नव्हतं. पण पैसे वाचत होते, म्हणून त्यांनी ऐकलं. पुढच्याच हंगामात चित्रांची पानं उघडताना त्यांच्या ऑपरेटरची रखडपट्टी थांबली.

थांबण्यात फायदा होता, हे वर्षभरात दिसलं. जानेवारी २००२मध्ये नॉर्थवुड या सांकेतिक नावाचा पेंटियम फोर आला. ०.१८ ऐवजी ०.१३ मायक्रॉनवर बनलेला, दुप्पट म्हणजे ५१२ किलोबाइट कॅश असलेला, कमी तापणारा आणि २.२ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा. तोवर त्याच्यासोबत साधी, स्वस्त मेमरीही चालू लागली होती. लांब रांगेची रचना मुळात याच वेगांसाठी केलेली होती. पहिल्या वर्षी ती अर्ध्या वाटेवर असताना विकली गेली. अभियंत्यांनी भविष्यावर लावलेली ती बाजी होती, आणि त्या बाजीचे पैसे पहिल्या वर्षी गिऱ्हाइकांनी भरले.

मात्र ‘पहिला सोडा, दुसरा घ्या’ हा नियमही डोळे मिटून पाळता येत नाही, हे पुढे लगेच कळलं. फेब्रुवारी २००४मध्ये त्याच घराण्यातला प्रेस्कॉट आला. ९० नॅनोमीटरवर बनलेला, ३१ टप्प्यांचा. नॉर्थवुडपेक्षा तो जास्त तापला आणि त्याच वेगाला बऱ्याचदा मागेही पडला. डेनार्ड यांचा नियम इथं तुटत होता. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली. व्होल्टेज आणखी उतरवता येईना आणि उष्णता वाढत राहिली. मे २००४मध्ये इंटेलनं पुढचा टेहास नावाचा प्रोसेसर रद्द केला, ऑक्टोबरमध्ये चार गिगाहर्ट्झचा पेंटियम फोरही. कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी ऑरलँडोतल्या परिषदेत व्यासपीठावर गुडघे टेकून त्याबद्दल माफी मागितली.

त्यानंतरच्या दोन वर्षांत आमच्या व्यवसायातली सगळी मोजमापं बदलली. एएमडीनं २००१पासूनच खोक्यावर गिगाहर्ट्झऐवजी १८००+ असे क्रमांक छापायला सुरुवात केली होती. आता इंटेलनंही क्रमांकांचीच वाट धरली. २७ जुलै २००६ रोजी कोअर टू ड्युओ आला. त्याची मुळं पेंटियम थ्रीच्या घराण्यात होती. इस्रायलमधल्या हैफा इथल्या गटानं लॅपटॉपसाठी जोपासलेली, कमी टप्प्यांची आणि कमी तापणारी ती रचना होती. ई६३०० हा त्यातला साधा प्रोसेसर १.८६ गिगाहर्ट्झचा. तो तीन गिगाहर्ट्झच्या पेंटियमला मागे टाकतो, हे गिऱ्हाइकांना पटवणं त्या वर्षी मोठं काम होतं. “ताई, आकडा कमी आणि पैसे जास्त?” असं लोक विचारायचे. मी बोलण्यापेक्षा त्यांचीच फाइल दोन्ही मशीनवर उघडून दाखवायचे. हा पहिल्याच दिवसापासून घेण्यासारखा प्रोसेसर होता. तो चांगला आहे हे मला त्याच्या नावावरून किंवा आकड्यावरून कळलं नव्हतं. ऑपरेटरचा हात थांबायचा थांबला, तेव्हा कळलं.

पुढची निराशा एएमडीची. १२ ऑक्टोबर २०११ रोजी बुलडोझर रचनेचा एफएक्स-८१५० आला. ‘आठ गाभे’, म्हणजे आठ कोअर असलेला, ३.६ गिगाहर्ट्झचा. पण दोन-दोन गाभ्यांची जोडी काही भाग वाटून घेत होती, आणि एकाच धाग्यावर चालणाऱ्या कामांत तो एएमडीच्याच जुन्या फेनॉम टूपेक्षा कमी पडायचा. गाभे किती मोजायचे यावरून अमेरिकेत दावा उभा राहिला आणि २०१९मध्ये एएमडीनं १ कोटी २१ लाख डॉलर देऊन तो मिटवला. आधी मेगाहर्ट्झनं जी फसगत केली, तीच इथं गाभ्यांच्या संख्येनं केली.

एएमडी मागे पडल्याचा परिणाम सगळ्यांनाच भोगावा लागला. जानेवारी २०११मधला इंटेलचा सँडी ब्रिज उत्तम होता, पण त्यानंतर सहा वर्षं सामान्य डेस्कटॉपसाठी चारच गाभे मिळत राहिले आणि दर पिढीत थोडीच वाढ झाली. या काळात माझ्या छापखान्यांना खरा वेग दिला तो एसएसडीनं. जुन्याच मशीनमधली हार्डडिस्क काढून एसएसडी घातली की विंडोज सुरू होणं आणि फाइल उघडणं, सगळ्याचा नूर बदलायचा. लुकलुकणारा दिवा वर्षानुवर्षं हेच सांगत होता.

मार्च २०१७मध्ये एएमडीचा रायझन आला आणि बाजार पुन्हा हलला. रायझन ७ म्हणजे आठ गाभे, तेही सर्वसामान्यांच्या मदरबोर्डवर. मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते त्याचं सॉकेट. एएम४ किमान २०२०पर्यंत चालवू, असं एएमडीनं सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात ते त्याहून पुढे चाललं. २०१७च्या कितीतरी मदरबोर्डांवर बायोस अद्ययावत करून एप्रिल २०२२मधला ५८००एक्स३डी बसवता आला. याउलट जानेवारी २०१७मध्ये इंटेलचा ७७००के घेतलेल्यांना ऑक्टोबरमध्ये सहा गाभ्यांचा पुढचा प्रोसेसर हवा असेल, तर सॉकेटच्या पिना तेवढ्याच असूनही नवा मदरबोर्ड घ्यावा लागत होता. अपग्रेडचा खर्च चिपच्या किमतीत दिसत नाही, तो मदरबोर्ड, मेमरी आणि त्या सॉकेटच्या आयुष्यात असतो, हे २०००मध्ये जितकं खरं होतं तितकंच तेव्हाही होतं.

गेल्या काही वर्षांत निराशा लवकर लवकर येऊ लागल्या आहेत. मार्च २०२१मध्ये इंटेलचा ११९००के आठ गाभ्यांचा होता, तर त्याच्या आधीचा १०९००के दहा गाभ्यांचा. २०२३च्या ऑक्टोबरमधली चौदावी पिढी तेरावीसारखीच होती, आणि पुढे या दोन्ही पिढ्यांतल्या प्रोसेसरांच्या अस्थिरतेमुळे इंटेलला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. ऑगस्ट २०२४मधल्या रायझन ९०००नं गेममध्ये फारसा फरक दाखवला नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के आला. वीज कमी खाणारा, काही कामांत सरस, पण बऱ्याच गेममध्ये आधीच्या १४९००केपेक्षा मागे. आणि पुन्हा नवं सॉकेट. तरुण गिऱ्हाइकं चिडून विचारतात, हे असं पहिल्यांदाच होतंय का? मी त्यांना पेंटियम फोरची हकिकत सांगते.

सध्याचा मोठा प्रश्न प्रोसेसरनं नव्हे, विंडोजनं उभा केला. विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मागतं, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीची जवळपास सगळी मशीनं त्याच्या यादीबाहेर आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. छापखान्यातली सहाव्या-सातव्या पिढीची चांगली चालती मशीनं त्यामुळे एकदम म्हातारी ठरली. इथं माझी मांडणी स्पष्ट आहे. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार, जीएसटी, मेल चालतात ते बदला, कारण सुरक्षेच्या प्रश्नावर मी तडजोड सुचवणार नाही. जे मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त जुनी पेजमेकरची पानं उघडायला ठेवलं आहे, ते ठेवा. त्या फाइली नव्या विंडोजवर धड उघडत नाहीत आणि त्यांत कित्येक लेखकांची पुस्तकं आहेत. बदलायचंच असेल तर आजच्या घोषणेतला प्रोसेसर नको. किमान वर्षभर बाजारात टिकलेला, ज्याचे दोष छापून आले आणि दुरुस्त झाले, असा घ्या, आणि त्या सॉकेटवर पुढचा प्रोसेसर बसणार आहे का, हे आधी विचारा.

चिप बनवणाऱ्यांनी नवनवे प्रयोग करत राहायला हवं. पेंटियम प्रो साध्या पेंटियमसमोर अडखळला, पण त्याच्याच घराण्यातून पेंटियम थ्री आणि पुढे कोअर टू ड्युओ आले. फसलेल्या पहिल्या प्रयत्नाशिवाय उत्तम दुसरा मिळत नाही. तो पहिला प्रयत्न आपल्या पैशांनी विकत घेण्याची सक्ती मात्र गिऱ्हाइकावर नाही. कामाचा कोणता तास अडतो आणि कशामुळे अडतो, हे ज्यानं स्वतः पाहिलं, त्याला प्रोसेसरची घोषणा घाईला लावत नाही. आणि गिऱ्हाईक आकड्यावर भाळून समोर उभं असताना ‘आत्ता नको’ असं सांगणं, हे मी मशीन जोडण्याइतकंच माझ्या व्यवसायाचं काम मानते.